सामाईक नांगराचा फाळ

नांगराचा फाळ मोडला तेव्हा नांगर धरणारा मच्छिंद्र होता आणि बैलांच्या पुढं चालणारे कानिफनाथ गुरुजी होते. चूक कुणाची यावर बोरवाडीच्या पारावर पुष्कळ दिवस काथ्याकूट झाला, तो इथं सांगत बसत नाही. चूक गुरुजींची होती. धोंडा चांगला पाटीएवढा होता, आंधळ्यालाही चाचपून सापडला असता. पण गुरुजींचं ध्यान धोंड्याकडं नव्हतंच. ते सगळं मागं लागलं होतं, कारण मागं मच्छिंद्र बैलाशी बोलत होता.

आता शेतकरी बैलाशी बोलतो यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. तर ऐका. हे दोघं सख्खे भाऊ. मच्छिंद्र थोरला, त्यानं रान केलं. कानिफनाथ धाकटे, ते शिकले आणि गावच्याच शाळेत मास्तर झाले. चार सालांमागं त्यांची आई दगडाबाई अंथरुणाला खिळली. गुरुजी म्हणाले, नगरच्या दवाखान्यात न्यायची. मच्छिंद्र म्हणाला, तिला हलवू नका. शिकलेल्याचं म्हणणं चाललं, आणि म्हातारी मिरजगावच्या स्टँडवर येष्टीची वाट बघता बघता गेली. तिथंच, चारचौघांत, मच्छिंद्र म्हणाला, "आयला तू रस्त्यात मारलीस." तो त्याचा भावाशी बोललेला शेवटचा शब्द. पुढं वर्ष भरायच्या आत चुली वेगळ्या झाल्या आणि रानाच्या मधून बांध पडला.

वाटणीत बैलजोडीतला हरण्या थोरल्याला आला आणि तांबड्या धाकट्याला. भांडीकुंडी, पाटे-वरवंटे, कोंबड्यासुद्धा वाटल्या. राहिला नांगर. लोखंडी नांगर काही करवतीनं कापता येत नाही. पंच पान खाऊन खाऊन दमले आणि अखेर म्हणाले, नांगर ऱ्हाऊ द्या सामाईक. आपल्याकडं चूल वेगळी झाली तरी माणसं फार मनावर घेत नाहीत. नांगर, जू आणि बैल मिळून जे औत होतं, ते वेगळं झालं म्हणजे मात्र भाऊ खरे वेगळे झाले असं धरतात. तेव्हा औत एकच राहिलं, आणि दर साली चैत्रात दोघं आपापला बैल घेऊन यायचे, एकाच जुवाला जुंपायचे आणि दोन्ही रानं नांगरायचे.

बोलायचं मात्र नाही. पण बोलल्याशिवाय नांगरट व्हावी कशी? मग मच्छिंद्र हरण्याला सांगायचा, "हरण्या, म्होरल्याला म्हनावं सावकास चाल. त्याचा गुडघा धरतो." गुरुजी तांबड्याला सांगायचे, "तांबड्या, मागच्याला विचार, पाणी प्यायचं का." बैल बिचारे दोन्हीकडचे निरोप ऐकून घ्यायचे. गुरुजींना साल सगळं आपण त्या आठ-दहा दिवसांकरताच काढतो असं वाटायचं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. बायकोला अर्थात ठाऊक होतं.

तर एकाहत्तरच्या त्या चैत्रात, पहिल्याच दिवशी, मच्छिंद्रच्या रानात दुसरं की तिसरं तास, म्हणजे नांगराची ओळ, चाललं होतं.  मच्छिंद्र खाकरला आणि म्हणाला, "हरण्या, आय त्या दिशी सकाळी मला एक म्हनली हुती..."

चार वर्षांत त्यानं आईचं नाव काढलं नव्हतं. गुरुजींनी मान मागं वळवली. पाय आपले चालत राहिले, बैल मागून येत राहिले आणि खण्णकन आवाज झाला.

फाळाचे दोन तुकडे. वर मातीला उलथून टाकणारा जो लोखंडी पंख असतो, त्यालाही चीर गेली. मच्छिंद्रनं तुकडे उचलून बघितले, बांधावर ठेवले, हरण्या सोडला आणि घरी गेला. वाक्य तिथंच राहिलं. गुरुजी तुकडे काखोटीला मारून घरी आले आणि बायकोला, मुक्ताबाईंना म्हणाले की फाळ बसल्याबिगर नांगर चालायचा नाही आणि नांगर चालल्याबिगर दादा पुढचं बोलायचा नाही. मुक्ताबाई भाकरी थापत म्हणाल्या की मग जाऊन सरळ इचारा.  सरळ विचारता आलं असतं तर इतकी वर्षं मुक्या जनावरांना कामाला कशाला लावलं असतं?

शेजारी आप्पासाहेब. मिलिटरीतून पेन्शनीत निघालेले, आणि सल्ला देण्यातून मात्र कधीच पेन्शनीत न निघालेले. ते म्हणाले, वेल्डिंग करा गुरुजी, आम्ही पलटणीत रणगाडे वेल्डिंग करत होतो, तुमचा फाळ तो काय. खरं म्हणजे आप्पासाहेब पलटणीत भटारखान्यात होते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण मिशा अशा होत्या की आयत्या वेळी ते कुणाला आठवायचं नाही.

मास्तरानं मोडकं लोखंड खांद्यावर टाकून गावातून जाणं बरं दिसत नाही, म्हणून गुरुजींनी तुकडे एका जुन्या दुपट्यात गुंडाळले आणि छातीशी धरून येष्टीत चढले. गर्दी ही. एका म्हातारीनं मोठ्या मायेनं सरकून जागा दिली आणि लेकरू किती म्हयन्याचं म्हणून विचारलं. गुरुजी खिडकीबाहेर बघू लागले. म्हातारीनं दुपटं जरा बाजूला केलं, आत बघितलं, आणि मिरजगाव येईपर्यंत गुरुजींकडं पाठ करून बसली. एरवी ते मिरजगावला स्टँडवर उतरत नसत. अलीकडच्या फाट्यावर उतरून चालत जात. यंदा ओझ्यापायी स्टँडपर्यंत जावं लागलं. उतरले आणि आई जिथं गेली त्या लिंबाच्या झाडाकडं न बघता झपाझपा निघाले, तरी डोळे भरून आलेच.

नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं ठिणग्या उडवून फाळ सांधून दिला. गुरुजींनी तो घरी आणून अंगणात ठेवला. आप्पासाहेब आले, त्यांनी तपासणीची म्हणून वर छडी मारली. फाळाचे आता तीन तुकडे झाले. आप्पासाहेब म्हणाले, बिडाचा, ओतीव लोखंडाचा दिसतोय, बीड वेल्डिंग धरत नसतं, हे मी आधीच सांगणार होतो.

मग आसाराम लोहार. खरं तर पहिल्यांदा त्याच्याकडंच जायला हवं होतं. गावात प्रत्येक घराचा लोहार ठरलेला, सुगीला त्याचं बलुतं ठरलेलं, त्याला सोडून परगावच्या नाक्यावर जाणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. आसाराम गुरुजींना भाता ओढताना दिसला, पण त्याला गुरुजी काही दिसेनात. दुसऱ्या दिवशीही दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी त्याच्या पोरीला, ती तिसरीत होती, वर्गाची मॉनिटर केली, तेव्हा कुठं लोहाराची नजर साफ झाली. त्यानं कुठल्याशा दुसऱ्या नांगराचा जुना फाळ शोधला, ठोकून ठोकून बसवला, पंखाच्या चिरेवर पत्रा मारला आणि सांगितलं की पळवून बघा.

बघायचं कसं? त्याला जोडी हवी, आणि हरण्या मागायचा तर मच्छिंद्रच्या दारात जायला हवं. फाळ चालतो याची खात्री झाल्याशिवाय गुरुजींना दादासमोर उभं राहायचं नव्हतं. पुन्हा मोडला तर? पुन्हा मधेच थांबला तर? आप्पासाहेबांनी आपला रेडा देऊ केला. बैलाशेजारी रेडा जुंपलेला गावानं पूर्वी पाहिला नव्हता, आणि गावाला सवड होतीच. शाळेची पोरं तर रांगेत आली, जशी झेंडावंदनाला यायची. गुरुजींनी रुमणं, म्हणजे नांगराची मूठ, दोन्ही हातांनी धरली. आप्पासाहेबांनी हुकूम दिला. तांबड्या निघाला तो तासाच्या दिशेनं आणि रेडा निघाला तो आपल्या गव्हाणीच्या दिशेनं, आणि रेड्यात जोर जास्त होता. परका फाळ एकदा जमिनीत वीतभर घुसायचा, एकदा वरच्यावर पळायचा. असं करत करत जनावरं, नांगर आणि गुरुजी आप्पासाहेबांच्या वांग्याच्या वाफ्यातून गव्हाणीला जाऊन लागले. तिथं रेड्यानं कडबा खायला घेतला. गुरुजींच्या धोतराचा सोगा वाफ्यातच राहिला होता. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आसारामची मॉनिटर सगळ्यांत पुढं होती.

बांधावर मच्छिंद्र उभा होता. हसला नाही. हरण्याचा कासरा हातात होता. पाजायला निघाला असेल, किंवा आपली गरज लागेल म्हणून आणला असेल, देव जाणे. त्यानं एकदा रेड्याकडं बघितलं आणि हरण्याला म्हणाला, "चल बाबा. त्यांची जोडी झाली." गुरुजींनी ते ऐकलं. धावत जाऊन त्याला थांबवावं असं फार वाटलं, पण अंगावर धड धोतर नव्हतं आणि सगळी शाळा समोर उभी होती. अब्रू ही चीज मोठी वाईट. नको तेव्हा आडवी येते.

यानंतर कुणीतरी सांगितलं की तालुक्याला सरकारी नांगराचे सुटे भाग आले आहेत. फाळ, पंख आणि बोल्ट असा सगळा संच, नवा कोरा. गुरुजी गेले. कचेरीतले शेतीचे साहेब तरुण होते आणि मास्तर लोकांना मान देणारे होते. त्यांनी चहा पाजला आणि मग सांगितलं की संच फक्त स्वतंत्र औतवाल्यांना मिळतो. सामाईक नांगर असेल तर दोघांनी समक्ष येऊन सांगावं लागतं, नांगर कुणाचा आणि संच कुणी न्यायचा. उद्या भांडणं झाली तर सरकारच्या गळ्यात नकोत.

झालं. त्या संध्याकाळी गुरुजी धोतर नीट चापून नेसून मच्छिंद्रच्या गोठ्यात गेले. मच्छिंद्र ओसरीवर सुतळी वळत बसला होता. त्याची बायको छबूबाई चुलीपाशी होती. गुरुजी हरण्याच्या समोर उभे राहिले आणि त्याला सगळी योजना समजावून सांगितली. शासनाचं धोरण सांगितलं, संच म्हणजे काय ते सांगितलं, समक्ष यायचं म्हणजे कुठं आणि कोणत्या येष्टीनं तेही सांगितलं. मास्तरकीची सवय, एक मुद्दा त्यांनी दोनदा सांगितला. हरण्या रवंथ करत ऐकत होता. छबूबाईंनी पदर तोंडाला लावला.

ओसरीवरून मच्छिंद्र म्हणाला, "हरण्या, नांगर कुनाचा ह्ये साह्येबापुढं सांगाया गेलो म्हंजी तिथं वाटनी झाली. येवढं एकच वाटायचं ऱ्हायलंय. म्या न्हाई जायाचा."

गुरुजींना या बोलण्यातून काय कळायला हवं होतं? तुम्हाला-मला जे कळलं ते. पण दुखावलेलं माणूस अर्धंच ऐकतं. त्यांना एवढंच ऐकू आलं की दादा येत नाही. दादाला नांगर दुरुस्त व्हायला नकोच आहे, आपल्याशी जुंपायचंच नाही, रेड्याचं निमित्त झालं, असं त्यांनी घरी येऊन मुक्ताबाईंना सांगितलं. मुक्ताबाई म्हणाल्या, तुमी नीट ऐकलं न्हाईसा. नवऱ्याला ऐकायला येत नाही असं म्हणणाऱ्या बायकोचं कोण ऐकतो?

मृग जवळ आला. रानं तशीच पडलेली. पाऊस पडला आणि नांगरट झालेली नसली तर ते साल गेलंच. आप्पासाहेब म्हणाले की गुरुजी, स्वतंत्र औत आहे म्हणून मान हलवा आणि संच घ्या, साहेब काय तुमच्या गोठ्यात येऊन बैल मोजणार आहे? दादा एकदा का नांगराला लागला की झालं. गुरुजी जन्मात खोटं बोलले नव्हते. पण त्यांना ते वाक्य पुरं ऐकायचं होतं. रात्रीबेरात्री त्यांना जाग यायची आणि आई काय म्हणाली असेल याचे नाना तर्क चालायचे. काही तर्क असे होते की ते उठून बसायचे. त्यांनी तालुक्याला जाऊन साहेबापुढं मान हलवली.

त्यांना वाटलं होतं, संच गुपचूप हाती पडेल. पण सरकार एखादी गोष्ट देतं तेव्हा गुपचूप देत नाही. साहेब जीप घेऊन बोरवाडीलाच आले. चावडीपुढं सतरंजी पडली, हार आले, सरपंचांचं भाषण झालं आणि नावं पुकारायला सुरुवात झाली. "स्वतंत्र औताचे शेतकरी, कानिफनाथ गुरुजी." लोक एकदम गप्प झाले. गुरुजी उठले. समोर गर्दीच्या कडेला मच्छिंद्र उभा होता. जीप कशाला आली ते बघायला आला असेल. तांबड्या रंगाचा नवा कोरा फाळ आणि पंख हातात घेऊन, गळ्यात झेंडूचा हार घालून गुरुजी उभे राहिले, आणि टाळ्या थांबेपर्यंत मच्छिंद्र तिथं नव्हता.

तरीही गुरुजींचं आपलं म्हणणं की बसवल्यावर सांगता येईल, समजूत घालता येईल. आसारामनं बोल्ट आवळले. या खेपेला सगळं कसं ठाकठीक बसलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. गुरुजींनी नांगराला हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडायला दादालाच बोलवायचं ठरवून ते टोपी घालून निघतात तो मच्छिंद्रच दारात. हातात हरण्याचा कासरा. त्यानं हरण्या आत आणला, तांबड्याशेजारच्या खुंटाला बांधला, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

मग तो गुरुजींकडं वळला आणि त्यांच्या तोंडाकडं बघून बोलला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"कानिफ, औत तुझं झालं. चांगलं झालं. येका बैलावं नांगर चालत न्हाई, हरण्या ठिव. मला आता बैल काय करायचा?"

ज्या दिवसाची चार वर्षं वाट बघितली तो दिवस असा आला. गुरुजी म्हणाले, "दादा, तसं नाही दादा. नांगर आपलाच आहे. ते फक्त साहेबाला सांगायला..."

"समद्या गावापुढं सांगितलंस. हार घालून."

"दादा, आई त्या दिवशी सकाळी काय म्हणाली होती? तेवढं तरी सांग."

मच्छिंद्र जरा थांबला. त्याचे ओठ हलले. मग मान हलवली. "आता ते ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि निघून गेला. गुरुजींच्या हातात नारळ तसाच होता. मुक्ताबाईंनी तो काढून घेतला आणि त्यांना खाली बसवलं. ते मोठ्यांदा रडले, शेजारच्या आप्पासाहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यांदा, आणि आप्पासाहेब आयुष्यात पहिल्यांदा सल्ला द्यायला आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटेच गुरुजींनी जोडी जुंपली. नांगर नेला तो थेट मच्छिंद्रच्या रानात. मनात एवढंच की दादा बघेल, येईल, रागावून का होईना मूठ हातात घेईल. पुढं मुक्ताबाई, कासोटा घालून. मूठ गुरुजींनी धरलेली. फाळ सुरेख चालत होता. तासं मात्र अशी वाकडीतिकडी निघत होती की पहिलीतल्या पोराचं अक्षर बरं. गुरुजी दर तासाच्या शेवटाला वळताना वस्तीकडं बघायचे. ऊन वर आलं. कुणी येताना दिसेना.

अखेर छबूबाई आल्या. डोक्यावर पाटी. त्यांनी बांधावर भाकरी-कालवण ठेवलं, पाण्याचा तांब्या ठेवला.

"वहिनी, दादा कुठं आहे?"

"गेलं. सकाळच्या येष्टीनं. शिरामपूरच्या बाजूला माजा भाऊ हाय न्हवं कारखान्यात, त्याच्याकडं. हितं आता करायचं काय, म्हनलं." त्यांनी फडकं सोडलं. "जाताना म्हनलं, कानिफ आदी आपलंच रान धरील बघ. त्याला भाकर न्हेऊन दे, उपाशी ठिवू नगं."

गुरुजींनी मूठ सोडली आणि ते ढेकळांत बसले. मुक्ताबाई बैल धरून तिथंच उभ्या राहिल्या.  मग गुरुजींनी विचारलं, आई त्या सकाळी काय म्हणाली होती, ते वहिनींना ठाऊक आहे का.

छबूबाई खाली बसल्या. "ठावं हाय. म्या जवळच हुते. सासूबाई ह्यास्नी म्हनल्या, मच्छिंद्रा, म्या काय दवाखान्यापोतूर पोचत न्हाई. पन कानिफला मला न्हेऊ दे, आडवू नगं. न्हाई न्हेलं तर जलमभर त्याला लागून ऱ्हाईल. आन मागनं त्याला कायबी बोलू नगं."

गुरुजी समोरचं ढेकूळ बोटांनी फोडत राहिले.

"त्येच सांगायचं हुतं त्यास्नी तुमाला. चार सालं. तोंडावं जमंना, म्हनून बैलाला सांगत हुते. औंदा सांगनारच, असं म्हनून गेल्ते त्या दिशी घरातनं."

"मग वहिनी," गुरुजी म्हणाले, "आईनं एवढं बजावलं होतं, तर तो तसं का बोलला स्टँडवर?"

छबूबाईंनी भाकरी त्यांच्या हातावर ठेवली.

"आय मेली हुती, भावजी. दुसरं कोन हुतं त्यांच्या जवळचं, बोलाया?"